मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष कार्य : कोल्हापुरातील संधी आणि मर्यादा

पदवीच्या वर्गात मानसशास्त्र शिकणारा विद्यार्थी अवधान, स्मरण, प्रेरणा, समायोजन या संकल्पनांचा अभ्यास करतो. प्रयोगशाळेत प्रतिक्रियाकालही मोजतो. परंतु ज्या माणसाच्या मनाचे हे शास्त्र, तो माणूस त्याला भेटतो शाळेत, रुग्णालयात, बालगृहात आणि कारखान्यात. ही भेट शिस्तबद्ध रीतीने घडवून आणणे म्हणजेच प्रत्यक्ष कार्य-प्रशिक्षण होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार अशा प्रशिक्षणाला पदवी अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान लाभले आहे. एका श्रेयांकास ३० तास धरले, तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. या १२० तासांत विद्यार्थ्याने काय करावे आणि काय मुळीच करू नये, हा खरा प्रश्न आहे.

जुनी परंपरा

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तेथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले. वर्गातील अध्यापन आणि समाजातील काम यांची तेथे सांगड घालण्यात आली. शिकणाऱ्याने जे पाहिले त्याची नोंद करावी आणि ती नोंद अनुभवी मार्गदर्शकापुढे ठेवावी, ही क्षेत्रकार्याची शिस्त आजही तितकीच उपयुक्त आहे.

कोल्हापुरातील कार्यक्षेत्रे

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात अशा कामाला विपुल वाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून या नगरीत वसतिगृहांची परंपरा रुजली. खेड्यातून प्रथमच घर सोडून आलेल्या मुलाला नव्या जागेशी जुळवून घेणे कसे जमते, हा समायोजनाच्या अभ्यासाचा जिवंत विषय आहे. बालकल्याण संकुलासारख्या संस्थांत निराधार मुलांचा सांभाळ होतो, तर नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने अपंगांच्या पुनर्वसनाचे मोठे काम उभे केले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहती आणि इचलकरंजीचे यंत्रमाग ही औद्योगिक मानसशास्त्राची क्षेत्रे होत. पाळीचा थकवा, आवाजाचा परिणाम, अपघाताची कारणे हे तेथील निरीक्षणाचे विषय ठरतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी तर आपत्तीनंतर घरादाराबरोबर मनेही सावरावी लागतात, हे जिल्ह्याला दाखवून दिले.

मर्यादेचे भान

समजा, पाचवीतील एक मुलगा वाचताना अडखळतो. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात महाविद्यालयात शिकलेली बुद्धिमापन चाचणी त्याला दिली. गुणांक कमी आला आणि तो आकडा वर्गात पोहोचला. त्या दिवसापासून मूल ‘मंद’ ठरले! वस्तुतः त्याला फळा नीट दिसत नसेल, कमी ऐकू येत असेल, किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला गेल्याने त्याची शाळा बुडाली असेल. विद्यार्थ्याचा प्रयोग दोन तासांत संपतो. त्या मुलाला लागलेला शिक्का मात्र वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

याच प्रसंगी विद्यार्थ्याने मागच्या बाकावर बसून मुलगा केव्हा अडखळतो, फळ्यापासून किती अंतरावर बसतो, कोणत्या महिन्यांत गैरहजर होता, याची नोंद शिक्षकांना दिली असती, तर त्या मुलाचे भले झाले असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या वैद्यकीय पथकाकडून त्याचे डोळे व कान तपासून घेता आले असते. पदवीच्या विद्यार्थ्याचे खरे काम निदान करणे हे नसून, नीट पाहणे, ऐकणे आणि योग्य माणसाकडे पाठविणे हे आहे.

कायद्याचीही हीच दिशा आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण व नोंदणी लागते. केवळ पदवी त्यास पुरेशी नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातील मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणून प्रशिक्षणाच्या अहवालात खरे नाव, गाव वा छायाचित्र असता कामा नये. भ्रमणध्वनीवरून सहज पाठविलेले एक छायाचित्रही या मर्यादेचा भंग करू शकते.

तिघांची जबाबदारी

याउलट दुसरे टोकही टाळले पाहिजे. विद्यार्थी आला की त्याला कपाटे आवरण्यास किंवा कागद क्रमाने लावण्यास बसवायचे आणि अखेरीस प्रमाणपत्र द्यायचे, यातून तास भरतात. शिक्षण होत नाही. यासाठी पुढील गोष्टी आवश्यक आहेत :

१. महाविद्यालयाने विद्यार्थी पाठविण्यापूर्वी कामाचे स्वरूप, तास व मर्यादा लेखी ठरवाव्यात. मार्गदर्शक प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याशी बसून त्याच्या नोंदवहीवर चर्चा करावी. दुःख पाहून विद्यार्थ्याचे मनही हलते. त्याला बोलण्यास जागा हवी.

२. यजमान संस्थेने एक जबाबदार व्यक्ती नेमावी. विद्यार्थ्याला मुलांसोबत वा रुग्णासोबत एकटे सोडू नये. काम संपण्याची तारीख मुलांना आधीच सांगावी. जीव लावून अचानक निघून जाणारी माणसे या मुलांनी पूर्वीच पुष्कळ पाहिलेली असतात.

३. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील शाळा, अंगणवाडी व वाचनालय येथे अशा विद्यार्थ्यांना निरीक्षणाची संधी द्यावी आणि कामाच्या शेवटी निष्कर्ष ग्रामस्थांना समजतील अशा भाषेत मागून घ्यावेत. गरजू व्यक्तीस जिल्हा रुग्णालयाकडे किंवा शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकाकडे कसे वळवावे, याची माहिती गावात लावण्याचे कामही विद्यार्थी करू शकतात.

१२० तासांत कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु समोरच्या माणसाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, ऐकलेले आपल्यापाशी ठेवणे आणि आपल्याला न येणारे काम जाणत्याच्या हाती सोपविणे, एवढे जरी विद्यार्थी शिकला, तरी पुढे तो शिक्षक होवो, ग्रामसेवक होवो वा अधिकारी, त्याच्या दाराशी येणाऱ्या सामान्य माणसाला या शिक्षणाचा लाभ मिळाल्यावाचून राहणार नाही.