जुने चेनसॉ मशीन: दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे?

तुमच्याकडे झाडे कापायचे पेट्रोलवरचे चेनसॉ मशीन आहे. घेऊन सात-आठ वर्षे झाली. आता दहा वेळा दोरी ओढावी तेव्हा ते सुरू होते, रेस दिली की बंद पडते, आणि पूर्वी दोन मिनिटांत तुटणाऱ्या ओंडक्याला पाच मिनिटे लागतात. मिस्त्री म्हणतो, "साडेपाच हजार लागतील." दुकानदार म्हणतो, "त्यात पैसे घालू नका, पंधरा हजारांत नवे न्या, हप्ते बांधून देतो." दोघेही आपापल्या धंद्याचे बोलतात. पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत, म्हणून हिशेब तुम्ही करा. या पाठातील भाव केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या गावचे भाव घालून आकडे पुन्हा मांडा.

आधी बिघाड ओळखा

"मशीन नीट कापत नाही" आणि "मशीन नीट चालत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंजिन जोरात फिरते पण लाकडातून जाडसर छिलक्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, तर दोष इंजिनाचा नाही, साखळीची धार गेली आहे. योग्य मापाची गोल कानस आणि अर्धा तास एवढ्यावर काम होते. काप एका बाजूला वळत असेल तर दोन्ही बाजूंचे दात सारखे घासले गेलेले नाहीत किंवा साखळीची पट्टी झिजली आहे.

इंजिनच अडखळत असेल तर पेट्रोलपासून सुरुवात करा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल खराब होते, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा बसतो, आतला रबरी पडदा कडक होतो. जुने मिश्रण काढून ताजे भरा, प्लग पाहा, हवेचा आणि टाकीतला फिल्टर बदला, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. समजा या सगळ्याला 900 रुपये लागले आणि मशीन एकच हंगाम चालले, तरी खर्च वसूल आहे. इथे फार विचार करत बसू नका.

खरा प्रश्न पिस्टन आणि सिलिंडर खराब झाल्यावर येतो. मिस्त्री "इंजिन गेले" म्हणाला तर त्याला सायलेन्सर खोलून पिस्टन दाखवायला सांगा. चार स्क्रूचे काम आहे. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर तो खरे बोलतो आहे. मग दुसरा प्रश्न विचारा: हे कशाने झाले? पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कमी पडले, की पेट्रोलची नळी किंवा सील फुटून आत जादा हवा शिरत होती? कारण न शोधता नवा पिस्टन बसवला तर तोही तसाच जळेल आणि साडेपाच हजार दुसऱ्यांदा जातील. ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. 1:50 असेल तर लिटरला 20 मिली, 1:25 असेल तर 40 मिली. अंदाजाने ओतलेल्या ऑइलने वाचतात ते दोन-चार रुपये.

आता वहीत आकडे मांडा

मागच्या वर्षी या मशीनवर दोन हजार घातले होते, म्हणून आता सोडवत नाही, असे अनेकांचे होते. ते पैसे गेले. दुरुस्त करा किंवा विका, ते परत येणार नाहीत, म्हणून त्यांना वहीत जागा नाही. येथून पुढे काय जाईल आणि किती हंगाम काम मिळेल, एवढेच लिहा.

दुरुस्तीला 5,500 रुपये. आहे त्या अवस्थेत मशीन सुट्या भागांसाठी 1,000 रुपयांना विकले जाते असे धरा. दुरुस्त करून ठेवले तर ते हजार तुम्ही सोडता, म्हणून दुरुस्तीची खरी किंमत 6,500. मिस्त्रीच्या मते आणखी दोन हंगाम निघतील. म्हणजे हंगामाला 3,250 रुपये.

नवे मशीन 15,000 रुपयांचे, सहा हंगाम चालेल असे धरले तर हंगामाला 2,500. नवे स्वस्त पडले. पण घाई करू नका, कारण हे पंधरा हजार येणार कुठून ते अजून लिहिलेले नाही.

समजा ते दरमहा शेकडा 3 रुपये व्याजाने घेतले आणि मुद्दल वर्षअखेर फेडले. महिन्याचे 3 टक्के ऐकायला थोडे वाटतात; वर्षाचे ते 36 टक्के होतात. व्याज 5,400, एकूण 20,400, हंगामाला 3,400 रुपये. आता दुरुस्ती स्वस्त ठरली! मशीन तेच, मिस्त्री तोच, फक्त पैशाचा उगम बदलला आणि उत्तर फिरले. दुकानातल्या हप्त्यालाही हाच नियम लावा. "बिनव्याजी" म्हटले तरी रोखीचा भाव आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज, फाइल चार्ज धरून, शेजारी शेजारी लिहा.

मुदत ठेव असेल तर ती मोडण्याआधी बँकेत ठेवीवरील कर्जाची चौकशी करा. अशा कर्जाचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि ठेवीवर व्याज मिळत राहते. दर 9 टक्के धरला तर वर्षाला 1,350 रुपये, हंगामाला 2,725. नवे घेणे पुन्हा परवडते. दुसऱ्यांची झाडे कापून तुम्ही पोट भरत असाल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्जासाठी अर्ज करता येतो. शेतकऱ्यांनी तालुका कृषी कार्यालयात अनुदानाचे विचारावे, पण खरेदीच्या आधी. महाराष्ट्रात महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळण्यापूर्वी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना मात्र मशीनसाठी हात लावू नका.

यात आणखी एक आकडा येतो, रिकाम्या दिवसांचा. कोकणात पावसाआधी घरावरच्या आणि तारांवरच्या फांद्या तोडायची घाई असते, हिमाचलात सफरचंदाची छाटणी थंडीत होते. ऐन हंगामात सुटा भाग यायला आठवडा लागला आणि त्यात चार रोज बुडाले, तर रोजचे 700 धरून 2,800 रुपये दुरुस्तीच्या बाजूला लिहा. हेच मशीन हंगाम संपताच दुकानी टाकले असते तर तो आकडा शून्य आला असता.

आणि स्वतःच्या बागेत वर्षातून दोनच दिवस मशीन लागत असेल तर? मशीनवाला गडी रोजाला 1,000 रुपये घेत असेल, तर दोन हजारांत काम होते. मग दुरुस्तीही नको, नवेही नको. दारात स्वतःचे मशीन असल्याची ऐट असते खरी, पण बँक तिच्यावर व्याज देत नाही.

ब्रेकचा हिशेब करू नका

साखळीचा ब्रेक काम करत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवू नका, कितीही कामे अडली तरी. ज्याचे बचत खाते आहे आणि वय 18 ते 70 आहे, त्याने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली आहे का ते पासबुकात पाहावे. वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात. अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास 1 लाख. विम्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असते, म्हणून मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

दुरुस्तीचा निर्णय झाला तर

बदललेल्या भागांची नावे लिहिलेली पावती घ्या, जुने भाग परत मागा, आणि किती दिवसांची हमी आहे ते पावतीवर लिहून घ्या. त्याच आठवड्यात बँकेत दरमहा 600 रुपयांची दोन वर्षांची आवर्ती ठेव उघडा. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती या कामाला लांब पडते. दोन वर्षांत 14,400 रुपये मुद्दल जमेल, वर व्याज. तोवर जुन्या मशीनचे दोन हंगाम संपत आलेले असतील, आणि "हप्ते बांधून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे तुम्ही रोखीचा भाव विचारायला जाल.