फाळाची दुरुस्ती : वेल्डिंगपूर्वी तापवण्याचे कारण

वेल्डिंगने सांधलेला नांगराचा फाळ पहिल्याच खोल तासाला पुन्हा तुटावा, हा अवजारदुरुस्तीतील नित्याचा अनुभव आहे. दोष बहुधा रॉडला दिला जातो. तुटलेली कड नीट पाहिल्यास मात्र तडा अनेकदा वेल्डमधून नव्हे, तर त्यालगतच्या मूळ पोलादातून गेलेला आढळतो.

झीज कमी व्हावी म्हणून फाळासाठी मध्यम किंवा उच्च कर्बाचे पोलाद वापरतात. वेल्डिंग करताना सांध्यालगतचा अरुंद पट्टा अतिशय तापतो आणि बाजूचे थंड पोलाद ती उष्णता झपाट्याने ओढून घेते. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवतो तेव्हा जे घडते, तेच येथे पाण्यावाचून घडते. त्या पट्ट्यात मार्टेन्साइट ही कठीण पण ठिसूळ रचना तयार होते. दमट रॉडमधून आलेला हायड्रोजन तेथे साचला आणि आकुंचनाचा ताण आला, की भेग पडते. तीही कधी एक-दोन दिवसांनी. काम संपताच केलेली पाहणी त्यामुळे पुरेशी ठरत नाही.

आधी तापवलेला भाग सावकाश निवतो व हायड्रोजनला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. सुमारे ०.४५ टक्के कर्बाच्या पोलादासाठी साधारण १५० ते २५० अंश सेल्सिअस तापमान योग्य असते; सौम्य पोलादाच्या पातळ पट्टीला त्याची सहसा गरज नसते. गॅसची ज्योत एका जागी न धरता सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान ७५ मिलिमीटरपर्यंत फिरवावी. तापमानदर्शक खडू सर्वांत सोयीचा. तो नसल्यास घासून चकचकीत केलेल्या जागेवर लक्ष ठेवावे. तेथे निळा रंग दिसला, तर तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले असे समजून ज्योत दूर करावी. रॉड कमी हायड्रोजनचे व कोरडे असावेत. सांधलेला फाळ कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून निवू द्यावा. पाणी ओतल्यास सारे श्रम वाया जातात.

बिडाच्या गिअरपेटीला हा नियम अधिक कसून लागू होतो. बीड मुळातच ठिसूळ असल्याने ते हळूहळू व एकसारखे तापवावे लागते.

रोटाव्हेटरची बोरॉन पोलादाची पाती मात्र तापवून सांधू नयेत. कारखान्यात दिलेला कठीणपणा उष्णतेने उतरतो. पाते बदलणेच परवडते. ट्रॉलीचे तुटलेले पाटेही वेल्डिंगने जोडू नयेत, कारण ते भरल्या ट्रॉलीखाली रस्त्यावर तुटतात.