फिनॉल-आल्डिहाइड राळ आणि एकस्वांचे वर्गीकरण

उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडास साखर कारखान्यात बगॅस म्हणतात. चिकोडी-निपाणी परिसरास हे चिपाड परिचित आहे ते बॉयलरचे जळण म्हणून. परंतु त्यावर आम्ल व उष्णता यांची क्रिया केली असता फुरफुराल हे द्रव्य मिळते. ते आल्डिहाइड वर्गातील आहे. येथून नैर्ऋत्येस आजरा-चंदगड भागात काजू पिकतो. काजूच्या टरफलांच्या तेलापासून कार्डानॉल हे फिनॉल वर्गातील द्रव्य मिळते. फिनॉल व आल्डिहाइड या दोन वर्गांच्या संयोगातून कृत्रिम राळ तयार होते. प्लायवुडचा चिकटा, विजेची बटणे, वाहनांच्या ब्रेकचे अस्तर इत्यादींसाठी अशा राळेचा उपयोग होतो.

अशा राळेचा नवा प्रकार साधल्यास त्यावर एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळेल काय, असा प्रश्न होतकरू उद्योजकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यास वर्गीकरणाचे ज्ञान आवश्यक ठरते.

या क्षेत्रातील सुप्रसिद्ध एकस्व लिओ बेकलंड यांचे होय. त्यांनी अमेरिकेत जुलै १९०७ मध्ये अर्ज केला व ७ डिसेंबर १९०९ रोजी तो मंजूर झाला. ‘बेकेलाइट’ हे त्यांच्या राळेचे व्यापारी नाव. त्यानंतर या विषयावर जगभर असंख्य एकस्वे निघाली. केवळ नावावरून ती सापडत नाहीत, कारण प्रत्येक जण आपल्या मालास निराळे नाव देतो. शेतास लोक काहीही म्हणोत, उताऱ्यावर त्याचा सर्व्हे क्रमांकच असतो. एकस्वांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांकाचे कार्य असेच आहे.

हे वर्गीकरण १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारावर आधारलेले आहे. त्यात ‘सी’ हा रसायन व धातुशास्त्राचा विभाग, ‘सी ०८’ हा सेंद्रिय बहुवारिकांचा वर्ग आणि ‘सी ०८ जी ८/००’ हा फिनॉल व आल्डिहाइड किंवा कीटोन यांच्या राळांचा गट होय. त्यातील ८/०६ हा उपगट फुरफुरालचा, तर ८/०८ हा फॉर्माल्डिहाइडचा आहे. मात्र राळेत इतर द्रव्ये मिसळली की ‘सी ०८ एल’, तिचा चिकटा केला की ‘सी ०९ जे’ आणि चिपाडाचे दाबफलक केले की ‘बी २७ एन’ हे उपवर्गही पाहावे लागतात. एकाच ठिकाणी शोध घेऊन थांबणारा अर्जदार बहुधा फसतो. वर्षभराचे श्रम व पैसा खर्च केल्यावर ती कृती पूर्वीच प्रसिद्ध झाल्याचे आढळते आणि अर्ज नामंजूर होतो.

जुनी भारतीय एकस्वे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७० चा एकस्व अधिनियम २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यानुसार रासायनिक पदार्थांच्या बाबतीत केवळ कृतीवर एकस्व मिळे. १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरही ते मिळू लागले. एकस्वाची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते. मुदत संपलेली कृती कोणासही वापरता येते. म्हणून असा शोध नवा अर्ज न करणाऱ्या लघुउद्योजकासही लाभदायक आहे.

सीमाभागातील अर्जदारांनी कार्यालयाचे क्षेत्रही जाणून घ्यावे. चिकोडी व निपाणी कर्नाटकात असल्याने तेथील अर्ज चेन्नईच्या एकस्व कार्यालयाकडे जातात. शेजारच्या कागलचे अर्ज मात्र मुंबईकडे जातात. आपली कृती प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा छापण्यापूर्वी अर्ज करावा. प्रारंभी तात्पुरते विवरण दाखल करता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण विवरण देणे बंधनकारक आहे.

फिनॉलने त्वचा भाजते व फॉर्माल्डिहाइडची वाफ विषारी असते. म्हणून प्रयोग सुसज्ज प्रयोगशाळेतच करावेत. वर्गीकरणाचा शोध मात्र विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेतील संगणकावर अवश्य करवून घ्यावा. एकस्व कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य करता येतो.