व्यापाऱ्यांसाठी इंग्रजी : क्रियापदामागचा छोटा शब्द

भोर, नसरापूर, वेल्हे या भागातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना इंग्रजी अजिबात येत नाही, असे म्हणणे बरोबर नाही. बिल, चलन, ट्रान्सपोर्टची बिल्टी, बँकेचा फॉर्म आपण वाचतो. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. गिव्ह, टेक, पुट, रन, कॉल ही क्रियापदे आपल्याला पाठ आहेत. अप, डाउन, ऑफ, आउट हे छोटे शब्दही पाठ आहेत. पण दोन एकत्र आले की तिसराच अर्थ निघतो आणि तो अर्थ दोन्ही शब्दांत शोधून सापडत नाही. इंग्रजीत अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. राज्यात ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. उर्दू माध्यमात काय किंवा मराठी माध्यमात काय, शिकवण्याची रीत एकच होती : एका शब्दासमोर एक अर्थ. व्याकरण त्याने पक्के झाले, यात वाद नाही. पण पुट म्हणजे ठेवणे आणि ऑफ म्हणजे दूर, एवढ्या भांडवलावर 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे हे कसे कळावे?

खरे तर ही गोष्ट आपल्याला परकी नाही. उर्दूत 'बेचना' आहे, 'बेच देना' आहे, 'बेच डालना' आहे आणि 'बेच बैठना' आहे. माल चारही वेळा विकलाच गेला. पण 'बेच बैठा' म्हटले की ऐकणारा समजतो, याला आता पस्तावा होतो आहे. मराठीतही विकले, विकून टाकले, विकून बसला, असेच आहे. 'पडणे' घ्या. कारखाना बंद पडतो, लग्न पार पडते, सौदा महाग पडतो, शेजारचा दुकानदार मागे पडतो. यात खाली कोणीच पडत नाही! आपण हे शब्द तोडून कधी शिकलो नाही, अख्खे ऐकले आणि अख्खे वापरले. इंग्रजीची जोडीही तशीच अख्खी घ्यायची. आपल्याकडे अर्थ फिरवायला दुसरे क्रियापद येते किंवा आधी एखादा शब्द लागतो, इंग्रजीत मागे छोटा शब्द लागतो, एवढाच फरक.

आता जिथे पैशाचा संबंध येतो तिथून सुरुवात करू. बँकेच्या कागदावर किंवा सिबिलच्या अहवालात 'रिटन ऑफ' असे दिसले की कित्येकांना वाटते, कर्ज माफ झाले. तसे नाही. 'राइट ऑफ' म्हणजे बँकेने ती रक्कम आपल्या वहीत बुडीत धरून बाजूला काढली. बँकेचे येणे संपले असा त्याचा अर्थ नाही, वसुली चालूच राहू शकते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकातही तांत्रिक राइट ऑफचा अर्थ असाच आहे : हिशेबातून काढले, पण कर्जदारावरील हक्क सोडला नाही. शिवाय अहवालात हा शेरा असेपर्यंत नवे कर्ज मिळणे कठीण. माफीला इंग्रजीत नुसते 'वेव्ह' म्हणतात. आपल्याकडे त्याला उगाच 'वेव्ह ऑफ' म्हणायची सवय पडली, म्हणून दोन्ही 'ऑफ' कानाला सारखे लागतात आणि घोटाळा होतो. व्याजाचा प्रश्न मोठा आहे, तो येथे घेत नाही. पण ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्यांनी या दोन शब्दांतला फरक आजच पक्का करावा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत आहे. लिहिलेले समजून घेणे हे त्या लिहिण्यातच आले.

कर्जाशी संबंधित आणखी तीन जोड्या आहेत. 'पे बॅक' म्हणजे घेतलेले परत करणे. 'पे ऑफ' म्हणजे पूर्ण फेडून मोकळे होणे. 'पे अप' म्हणजे देणे निमूटपणे, बहुधा मनाविरुद्ध, चुकते करणे; हा शब्द तगाद्यात येतो, गिऱ्हाइकाला लिहिताना तो टाळावा. आपला अकाउंटंट जीएसटीच्या वेळी 'सेट ऑफ' म्हणतो, तेव्हा खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करणे हा अर्थ असतो. पण राजगड चढायला आलेली मंडळी 'वुई सेट ऑफ ॲट फाइव्ह' म्हणतात, तेव्हा ते पाच वाजता निघाले, एवढेच.

मालाच्या ऑर्डरीत दोन जोड्या जपून वाचाव्यात. समजा, रमजानच्या आधी सुरतेच्या व्यापाऱ्याचा निरोप आला की डिस्पॅच 'पुट ऑफ' झाला. म्हणजे माल उशिरा येईल; किती दिवस, ते विचारावे. 'कॉल्ड ऑफ' आले तर ऑर्डर रद्द झाली. कॉलचा अर्थ फोन धरून, ते फोन करतील म्हणून वाट बघत बसलो तर ईदचा सीझन हातचा जाईल. त्याच दिवशी पुण्याच्या रविवार पेठेत किंवा इचलकरंजीला चौकशी करायला हवी. 'रन आउट' क्रिकेटमुळे सर्वांना माहीत आहे. पण 'वुई हॅव रन आउट ऑफ धिस डिझाइन' म्हणजे हे डिझाइन संपले.

आता दुकानातले गिऱ्हाईक. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत आला. राजगड-तोरण्याला जाणारे लोक नसरापूर, वेल्हे, गुंजवणे येथे रेनकोट, टोपी, ट्रॅकपँट घेतात, आणि त्यांत मराठी न येणारेही असतात. 'कॅन आय ट्राय धिस ऑन?' म्हणजे अंगात घालून पाहू का. येथे एक नियम लक्षात ठेवावा : 'इट' आले तर ते मधेच बसते, 'ट्राय इट ऑन' म्हणायचे, 'ट्राय ऑन इट' नाही. 'नॉक ऑफ अ हंड्रेड' म्हणजे १०० रुपये कमी करा. पण मालालाच 'नॉक-ऑफ' म्हटले तर ती नक्कल आहे असा आरोप झाला. आणि 'धिस इज अ रिप-ऑफ' ऐकून कापडवाल्याने कापड कुठे फाटले ते शोधू नये. रिप म्हणजे फाडणे हे खरे, पण गिऱ्हाईक म्हणत आहे, ही लूट आहे. कापड दाखवण्यापेक्षा भाव समजावून सांगावा.

शिंपी बांधवांचे काम तर चार जोड्यांत भागते. बाजूने ढिले आहे, आत घ्या, हे 'टेक इन'. घट्ट होते, आतले जादा कापड सोडून मोठे करा, हे 'लेट आउट'. लांबी कमी करणे 'टेक अप', वाढवणे 'लेट डाउन'. 'लेट डाउन'चा दुसरा अर्थ ऐन वेळी दगा देणे. कपडा ईदच्या दिवशीही तयार नसेल तर गिऱ्हाईक तोच शब्द वापरते, तेव्हा ते लांबीबद्दल बोलत नसते.

मुलांच्या बायोडाटात 'पास्ड आउट' असते. आपल्या देशात त्याचा अर्थ शिक्षण पूर्ण केले असा चालतो. परदेशी मालक मात्र 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे असे वाचतो. आखाती देशात अर्ज पाठवताना 'ग्रॅज्युएटेड' किंवा 'कम्प्लीटेड' लिहावे.

अभ्यासाची रीत नवी शोधायला नको, हिफ्जच्या मदरशांतून ती चालत आली आहे : आजचा सबक, गेल्या काही दिवसांची सबकी, आणि जुन्याची मंजिल. रोज एकच जोडी घ्यावी, तीही पुस्तकातून नव्हे, त्या दिवशीच्या बिलातून, बँकेच्या पत्रातून किंवा मोबाइलवरील निरोपातून. वहीत पूर्ण वाक्य लिहावे, सुटा शब्द नाही. दुकान उघडताना मागच्या सात म्हणाव्यात, जुम्याला सगळी वही एकदा वाचावी. घरात शाळेतली मुलगी असेल तर तिच्याकडून उच्चार करून घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. बोलताना जोर बहुधा मागच्या छोट्या शब्दावर येतो, तेवढे तिच्याकडून नीट ऐकून घ्यावे.

'गेट' हे क्रियापद आम्ही मुद्दाम सोडले आहे. गेट अप, गेट बॅक, गेट बाय, गेट थ्रू अशी त्याची यादी एवढी लांब आहे की त्याला वहीची वेगळी पाने ठेवावी लागतील.