पत्राचा शेवट कोणाच्या हातचा?

वाचनासाठी : १ करिंथ १६:१९-२४, गलती ६:११-१८, प्रे. कृत्ये १५:२२-२९



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या काळापासून नाना प्रांतांतले लोक येथे कामास आले, तशी मराठी कुटुंबेही आली. म्हणून आमच्या पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा', हिंदीतले 'भवदीय' आणि ई-मेलमधले 'रिगार्ड्स' असे सारेच आढळते. कचेरीस 'आपला विश्वासू' शोभते, वडीलधाऱ्यांस 'आपला नम्र'. त्यात फारसे अवघड नाही. अवघड आहे ते 'ख्रिस्तात आपला'.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यांनी माझ्या भाषांतराच्या मसुद्यावर हरकती कळवल्या. मी संतापून ई-मेलने उत्तर धाडले. तळाशी संगणकाने नेहमीची ओळ आपोआप जोडली : 'ख्रिस्ताच्या प्रेमात आपला'. त्यांनी उलट एवढेच विचारले, "शेवटची ओळ आपली की यंत्राची?"

ग्रीक पत्राचा रूढ शेवट 'एर्रोस्थे' असा असे. शब्दशः अर्थ, 'सुदृढ असा'. यरुशलेमेतील मंडळीने अंत्युखियाच्या बांधवांस लिहिलेले पत्र याच शब्दाने संपते. तेव्हा जगरहाटीचा शब्द वापरण्यात काही गैर नाही, 'रिगार्ड्स'मध्येही नाही. पौल मात्र त्या जागी 'कृपा' हा शब्द आणतो, आणि तोही केवळ शिरस्ता म्हणून नव्हे. तो पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेत असे. रोमकरांस पत्र उतरवून घेणाऱ्याने त्यात स्वतःचाही सलाम घातला आहे (१६:२२). परंतु शेवटास पौल लेखणी आपल्या हाती घेतो. ही आपल्या प्रत्येक पत्राची खूण आहे असे तो थेस्सलनीकाकरांस सांगतो (२ थेस्स. ३:१७).

करिंथच्या मंडळीत तट पडले होते. तेथे स्वहस्ते लिहिताना तो आधी शापाचे कठोर शब्द लिहितो, मग कृपा, आणि अगदी अखेरीस आपली प्रीति. तीही एका तटावर नव्हे, सर्वांवर. गलतीकरांस तर त्याने आरंभी उपकारस्तुतीचा शब्दही न लिहिता दोष दिला. तरी मूळ ग्रीकमध्ये 'आमेन'पूर्वीचा शेवटचा शब्द 'बंधूंनो' हा आहे. (मराठीच्या वाक्यरचनेत हा शब्द सहज आरंभी सरकतो आणि त्याचे वजन हरवते. आम्हां भाषांतरकारांची ही जुनीच अडचण.) राग खरा होता, नातेही खरे होते, दोन्ही त्याने लिहिले.

माझ्या पत्रात राग माझा होता आणि प्रीति यंत्राची.

त्या सहकाऱ्यांस मी पुढे हाताने पत्र लिहिले. क्षमा मागणे एका परिच्छेदात झाले. शेवटच्या ओळीपाशी मात्र बराच वेळ थांबलो. संगणकातली ती आपोआप उमटणारी ओळ काढून टाकली आहे. आता प्रत्येक वेळी ती स्वतः लिहितो. कधी लिहिवत नाही. मग ते उत्तर दुसऱ्या दिवशी जाते.