पणजीचे रस्ते

मांडवी नदी जेथे सागरास मिळते, तेथून जवळच तिच्या डाव्या तीरावर पणजी शहर वसले आहे. उत्तरेस नदीचे विशाल पात्र, मध्ये आल्तिनोची हिरवी टेकडी, पूर्वेस मळ्याजवळची खाडी आणि पश्चिमेस सांतिनेजची खाडी, अशी या शहराची रचना आहे. पणजी ही गोव्याची राजधानी खरी. परंतु राजधानी म्हणताच जे अफाट नगर डोळ्यांसमोर उभे राहते, तसे ते नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती अवघी ४०,००० च्या आसपास भरली. अशा लहानशा शहरात एक रस्ता खणला, तरी त्याची झळ साऱ्या गावाला लागते. मग बरेच रस्ते एकाच वेळी खणले गेले, तर काय होत असेल?

त्याचे उत्तर पणजीच्या रहिवाशांना अनुभवाने मिळाले आहे. पण ती हकिकत समजण्यासाठी आधी या भूमीची ओळख करून घेतली पाहिजे.

आज पणजीत जेथे दुकानांच्या रांगा आणि कचेऱ्या दिसतात, तेथील पुष्कळसा भाग एके काळी दलदलीचा होता. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये तर भरतीचे पाणी पसरत असे. त्यावर १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत सुमारे ३ किलोमीटर लांबीचा दगडी सेतुमार्ग बांधण्यात आला. तो आजही वाहतुकीस उपयोगी पडतो. पुढे १८२६ ते १८३५ या काळात मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु हा गोव्याचा कारभार पाहत असताना दलदलीत भराव घालून पणजीचे आखीव रस्ते तयार झाले, आणि १८४३ मध्ये या गावास राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. तात्पर्य, पणजीचे कितीतरी रस्ते भरावाच्या मातीवर उभे आहेत. जमीन सपाट व सखल. थोडे खोल खणले की पाणी लागते.

पाण्याशी कसे वागावे, हे गोव्याच्या जुन्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक होते. नदीकाठच्या सखल शेतांना तेथे खाजन म्हणतात. या शेतांत खारे पाणी शिरू नये म्हणून गावकरी मातीचे बांध घालीत आणि बांधात लाकडी झडपांचे दार बसवीत. त्या दारास ‘मानस’ असे नाव आहे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतील पावसाचे पाणी त्या उघडून बाहेर पडते. बांध एकट्यादुकट्याचा नसे. तो फुटला तर सर्वांचीच शेते खारी होत. म्हणून त्याची देखभालही सर्वांच्या विचाराने होई. शहरातील रस्ता हाही असाच सर्वांचा बांध होय.

आता रस्ता म्हणजे केवळ वरचा डांबरी किंवा काँक्रीटचा थर नव्हे. त्याच्या पोटात पुष्कळ काही दडलेले असते. पिण्याच्या पाण्याचे नळ, सांडपाण्याची भुयारी गटारे, पावसाचे पाणी वाहून नेणारी वेगळी गटारे, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, ही सर्व त्याच्या पोटातून धावत असतात. पणजीचे पाणी दूरच्या ओपा येथील जलकेंद्रातून येते. पण ते घरोघर पोचते रस्त्याखालच्या नळांतूनच.

यांपैकी सांडपाण्याच्या गटाराचे काम सर्वांत अवघड. सांडपाणी उताराने वाहते. म्हणून नळ्यांना बेताचा, पण अखंड उतार द्यावा लागतो. टेकडीवर हा उतार आयता मिळतो. सपाट गावात मात्र नळी जसजशी पुढे जाते, तसतसा चर अधिक खोल खणावा लागतो, आणि शेवटी यंत्राने ते पाणी वर खेचून घ्यावे लागते. भरावाच्या जमिनीत असा खोल चर खणला, म्हणजे दोन्ही बाजूंची माती ढासळू पाहते आणि तळातून पाणी झिरपू लागते. मग बाजूंना आधार देणे, पंपाने पाणी उपसणे, नळीची पातळी पुन्हापुन्हा मोजणे, असे कष्टाचे काम सुरू होते. उन्हातान्हात त्या चरात उतरणारे मजूर पुष्कळदा दूरच्या प्रांतांतून आलेले असतात. वरून जाणाऱ्याला फक्त खड्डा दिसतो. खाली राबणारी माणसे दिसत नाहीत.

नळी बसली म्हणजे काम संपले असेही नाही. चर भरताना माती थोडी थोडी टाकून, प्रत्येक थर पाणी मारून, धुम्मसाने अथवा यंत्राने ठोकून घट्ट करावा लागतो. घाईने सारी माती एकदम लोटून वर गुळगुळीत थर दिला, तर तो रस्ता देखणा दिसतो. परंतु पहिल्या मोठ्या पावसात किंवा पहिल्या जड वाहनाखाली तो खचतो. पणजीत तर वर्षाकाठी सुमारे ३०० सेंटीमीटर पाऊस पडतो. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, की गटारांतील पाण्यास बाहेर जाण्यास वाट उरत नाही आणि सखल रस्ते जलमय होतात. यासाठी तेथील रस्त्याचे काम पावसापूर्वी पुरे झाले पाहिजे आणि तरीही ते घाईचे होता कामा नये. अभियंत्यांपुढचा खरा पेच हाच असतो.

पणजीचा कारभार पूर्वी पोर्तुगीज अमदानीत ‘कामर म्युनिसिपाल’ या संस्थेकडे असे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर लोकांनी निवडलेली नगरपालिका आली, आणि २००२ च्या कायद्याने तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०२१ च्या निवडणुकीत शहरातील ३० प्रभागांतून लोकांनी आपले प्रतिनिधी निवडून दिले. भारताच्या संविधानात १९९२ साली जी ७४ वी दुरुस्ती झाली, तिने नगरांच्या स्वराज्य संस्थांना भक्कम आधार दिला. त्यांच्याकडे सोपवावयाच्या १८ विषयांच्या यादीत रस्ते व पूल यांचा उल्लेख आहे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेसाठी पणजीची निवड झाली. या योजनेची कामे पाहण्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. जुनी गटारे बदलावी, पावसाच्या पाण्याला वाट करून द्यावी, तारा जमिनीखाली न्याव्या आणि रस्ते नव्याने बांधावे, हे हेतू उत्तमच होते. त्यांस विरोध करावा असे कोणास वाटणार? परंतु २०२२ नंतर शहराच्या मध्यवस्तीतील अनेक रस्ते एकाच काळात खणले गेले आणि लोकांची कुचंबणा सुरू झाली.

सारे शहर धुळीने भरून गेले. दुकानदारांचा माल धुळीने माखू लागला. दारापुढचा रस्ता बंद झाल्याने गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागले. वृद्धांना घराबाहेर पडणे कठीण झाले. शाळेच्या वेळी वाहनांची कोंडी होऊ लागली. श्वासाचा विकार असणाऱ्यांचे हाल तर विचारूच नयेत. काही ठिकाणी नुकताच भरलेला चर खचून मालमोटारी त्यात रुतल्या. आणि २०२४ च्या आरंभी याच कामासाठी खणलेल्या एका खड्ड्यात पडून एका तरुणाचा जीव गेला. धूळ धुता येते, बुडालेला धंदा पुन्हा उभा करता येतो. परंतु गेलेला जीव परत येत नाही. उघड्या खड्ड्याभोवती भक्कम कठडा आणि रात्री दिसेल असा दिवा किती मोलाचा असतो, हे या घटनेने साऱ्या शहराला शिकविले.

लोकांचे गाऱ्हाणे कामाबद्दल नव्हते. ते कामाच्या रीतीबद्दल होते. आपल्या दारापुढचा रस्ता कोणत्या दिवशी खणणार, किती दिवसांत बुजविणार, तोवर जावे-यावे कसे, हे अगोदर कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण रस्ता एक आणि त्याचे धनी अनेक! नळ एका खात्याचे, वीज दुसऱ्या खात्याची, योजना कंपनीची, बांधणारा ठेकेदार निराळा, आणि लोकांनी निवडून दिलेली महानगरपालिका आणखी निराळी. अशा स्थितीत सामान्य नागरिकास कोणाचे दार ठोठवावे हेच उमजत नाही. खाजनाच्या बांधाला एक भोक पडले, तर कोणास हाक मारावी हे गावातील पोरासही ठाऊक असे. शहरातील रस्त्याबाबत मात्र शहाण्यासुरत्या माणसालाही ते ठाऊक नसावे, ही मोठी उणीव होय.

तरीही पणजीचे नागरिक हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी तक्रारी लिहिल्या, वृत्तपत्रांतून प्रश्न मांडला आणि शेवटी काही रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील पीठाकडे दाद मागितली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती न्यायासन सोडून स्वतः पणजीच्या रस्त्यांवर उतरले आणि कामांची व धुळीची त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. कागदावर सर्व उपाय योजलेले असतात. ते रस्त्यावर योजले आहेत की नाहीत, हे पाहण्यास पायी हिंडण्यावाचून गत्यंतर नसते. न्यायमूर्तींनी जे केले, ते वास्तविक कारभाऱ्यांनी रोज करावयास हवे होते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. न्यायालय हे अखेरचे दार आहे. त्याआधी नागरिकासाठी पुष्कळ दारे उघडी असतात. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास भेटून कामाचा नकाशा पाहता येतो. लेखी अर्ज देऊन त्याची पोच मागता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार कामाची कागदपत्रे मागितली, तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते. या दारांचा उपयोग मात्र वेळेवर झाला पाहिजे. नकाशा कागदावर असतो तोवर एक रेघ पुसून दुसरी काढणे सोपे. काँक्रीट ओतल्यावर तीच दुरुस्ती करण्यास घण लागतो.

नागरिकांचीही काही कर्तव्ये आहेत. गटारात कचरा लोटणारा, पदपथावर दुकानाचा पसारा मांडणारा, अडथळ्याची पाटी बाजूस सारून वाहन पुढे दामटणारा मनुष्य रस्त्याबद्दल कुरकुर करू लागला, तर त्याच्या शब्दास वजन कोठून येणार? तसेच, आपल्या दारापुढील काम लवकर व्हावे, पण त्यासाठी लागणारी गैरसोय शेजारच्या आळीने सोसावी, ही वृत्तीही बरी नव्हे. जो सर्वांचा रस्ता, त्याची गैरसोयही सर्वांनी वाटून घ्यावयाची असते. परंतु ती वाटून घेण्यास सांगणाऱ्यांनी आधी लोकांना विश्वासात घेतले पाहिजे, हेही तितकेच खरे.

पणजीत अठरा जून मार्ग या नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे बंदी मोडून सभेस आरंभ केला, त्या दिवसाची ही स्मृती. त्या काळी चार माणसांत उभे राहून आपले मत बोलणे हाही गोव्यात गुन्हा ठरत असे. तो हक्क मिळविण्यासाठी कितीकांनी तुरुंगवास भोगला. आज त्याच रस्त्यावर उभा राहून एखादा दुकानदार ‘हे काम कधी पुरे होणार?’ असे निर्भयपणे विचारू शकतो आणि त्याला उत्तर देणे कारभाऱ्यास भाग असते. स्वराज्याचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

रस्ता पुन्हा बांधणे हे यंत्रांचे काम दिसते. पण ते आधी माणसांचे काम आहे. जेथे राहणाऱ्याला विचारले जाते, खणणाऱ्याची काळजी घेतली जाते आणि भरलेली माती थराथराने नीट ठोकली जाते, तेथील रस्ता टिकतो. लोकांचा विश्वासही असाच थराथराने घट्ट करावा लागतो.

अभ्यास

१. पणजी शहरात खोल चर खणणे अवघड का जाते?

२. ‘मानस’ म्हणजे काय? त्याचे कार्य चार-पाच वाक्यांत सांगा.

३. ‘लोकांचे गाऱ्हाणे कामाबद्दल नव्हते, ते कामाच्या रीतीबद्दल होते’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. लेखकाने रस्त्याला ‘सर्वांचा बांध’ असे का म्हटले आहे?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : झळ लागणे, दाद मागणे, विश्वासात घेणे, हातावर हात ठेवून बसणे.

६. तुमच्या शाळेजवळील रस्त्याचे काम निघाले आहे, अशी कल्पना करा. मुलांना सुरक्षितपणे जाता-येता यावे म्हणून कोणती व्यवस्था हवी, हे सांगणारा अर्ज आपल्या गावच्या नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस लिहा.