गव्हाची परीक्षा

मुलांनो, परीक्षा केवळ तुम्हांलाच द्यावी लागते असे नाही; गव्हालाही ती चुकलेली नाही.

ज्या शेतकऱ्याच्या शेतात विहीर नाही, त्याचा गहू पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येतो. बियाणे चुकीचे निवडले, तर ओंब्या डोलताना दिसतात, पण त्यांत दाणे भरत नाहीत. आणि हे ध्यानी येते तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून बियाणे त्याच्या हाती पडण्यापूर्वीच त्याची पारख करावी लागते.

प्रयोगक्षेत्रात प्रत्येक वाण दोन भागांत पेरतात. एका भागास वेळोवेळी पाणी देतात; दुसऱ्यास पेरणीनंतर थेंबही देत नाहीत. परंतु शेताची माती सर्वत्र सारखी नसते. एका कोपऱ्यात ती खोल, तर दुसऱ्यात उथळ व मुरमाड. खोल मातीत पडलेला वाण उगाच हुशार ठरायचा! यास्तव शेताचे गट पाडून प्रत्येक गटात सारे वाण पेरतात आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवितात. 1919 साली इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली.

पीक उभे असतानाच काही खुणा कळतात. माठ पाझरतो म्हणून त्यातील पाणी गार राहते, हे तुम्ही जाणताच. ज्या रोपाची मुळे खोलवरची ओल ओढून घेतात, त्याच्या पानांतूनही वाफ निघत राहते आणि भर दुपारी ते शेजाऱ्यापेक्षा थंड असते. संशोधक दुरूनच उष्णतामापक रोखून हा फरक टिपतात.

खरा निकाल मात्र तराजूवर लागतो. समजा, ‘अ’ वाण पाण्यावर 40 किलो व पाण्याविना 16 किलो देतो. ‘ब’ वाण 30 व 21. आणि ‘क’ वाण 15 व 12. घट ‘क’ची सर्वांत कमी, केवळ 20 टक्के! पण 12 किलोंवर कोणाचे घर चालणार? कोरडवाहू शेतकऱ्याने ‘ब’च घ्यावा.

काही वाण लवकर पक्व होऊन जमीन सुकण्याआधीच निसटतात. ते दुष्काळ सोसत नाहीत, चुकवितात. शेतकऱ्याला दोन्ही सारखेच उपयोगी.

कधी ऐन हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडतो आणि कोरड्या वाफ्यांची त्या वर्षीची परीक्षाच वाया जाते. त्यामुळे एका वर्षाच्या किंवा एका गावच्या आकड्यांवर कोणी निकाल देत नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या संशोधन केंद्राने तयार केलेला ‘नेत्रावती’ हा वाण अशाच कसोट्यांतून पार पडला. तो कोरडवाहू शेतीसाठी किंवा एकाच पाण्यावर घेण्यासाठी सुचविला जातो. आणि ते एक पाणी पेरणीनंतर सुमारे 40 ते 42 दिवसांनी द्यावयाचे असते.